नानांची सुतळी

मी बी.ए. झालो तेव्हा शेजारच्या नानांनी हार घातला नाही. बंडीच्या खिशातून गाठी मारलेली सुतळी काढून मला टाचेपासून टाळूपर्यंत मोजलं आणि म्हणाले, "बी.ए. झाया, तरी तेवढाच शे."

यावलजवळच्या त्यांच्या मळ्यात केळीच्या दोन खोडांतलं अंतर त्याच सुतळीनं ठरे. म्हशीची शिंगं, पाहुण्यांची पागोटी, बठ्ठं मोजायचे. वर विचारायचे, "मापमा शे ना?" सगळं मापात आहे ना, एवढीच त्यांना काळजी.

एका सकाळी त्यांनी मला गोठ्यामागे नेलं. सुतळीवर दोन नव्या गाठी होत्या. "सोमवारी इतली. आज इतली."

"काय?"

नानांनी धोतराकडे बोट केलं आणि मान फिरवली. त्या अवघड जागी वरची शीर दोरीसारखी ताठरली होती. हात लागला की दुखे. "लोक म्हनतीन, नानाले गरमी झायी, बाहेरख्याली रोग लागना. भाऊ, तू बी.ए. शे. मी वाचसू का?"

माझा विषय इतिहास. पण गावातल्या पहिल्या बी.ए.ला 'ठाऊक नाही' म्हणायची सोय नसते. "जळगावला डॉक्टरांना दाखवू," मी ऐटीत म्हणालो.

त्यांच्या बायकोला, अक्कांना, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आठ दिवस नाना मळ्यातच झोपत होते. अक्कांनी मला गाठलं. "मन्हं काय चुकनं रे, भाऊ? मिठाची फळी, कंदिलाची खुंटी, बठ्ठं त्यानी खाली ठोकी दिधं. आते मले वरतून काही काढीबी देवाले नको त्याले!"

मोटारीत नाना सुतळी मुठीत धरून बसले. वाटेत एकदाही काही मोजलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

डॉक्टरांनी तपासलं. "वरच्या शिरेत रक्त गोठलंय. क्वचित कुणाला होतं. गरमी नाही, जिवाला धोका नाही. गरम पाण्यानं शेका, ओझं उचलू नका, दीड महिना बायकोपासून लांब राहा. गाठ आपोआप विरेल. नाहीच विरली, तर परत या."

"दुखनं वाढलं का नही, हे रोज मोजू ना?"

"अजिबात नाही!" डॉक्टर ओरडले.

घरी आल्यावर मीच अक्कांना सगळं सांगून टाकलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. मग फळीकडे बघत म्हणाल्या, "आन हे?"

नाना सुतळीच्या गाठी सोडत बसले. ते उंच, अक्का बुटक्या. लग्न झाल्यापासून वरचं सगळं तेच काढून देत. "तुन्हा हातनं माप घिदं," ते पुटपुटले. "मी गया तं तुले कोन काढी दी?"

शिरेतली गाठ महिन्याभरात विरली. मग नानांनी फळी पुन्हा वर चढवली. पूर्वीइतकी नव्हे, अक्कांचा हात चार बोटं कमी पडेल, बरोब्बर तेवढीच.

"मापमा शे ना?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी टाचा उंचावल्या, हात लांबवला, बरणी लागली नाही.

"शे," त्या म्हणाल्या. "मीठ काढी द्या."