साडेतीन सामने मागे

सकाळी सव्वासातला बेडोकच्या एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, फलाटावर बर्वे मला कधी गुड मॉर्निंग म्हणाले नाहीत. "साठे, आपण साडेतीन सामन्यांनी मागे आहोत," असं म्हणायचे. मी मान हलवायचो. इतक्या सकाळी मला कुठलाच खेळ कळत नाही.

आपण म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलचा एक संघ. तिथे म्हणे संघांचे गट असतात, या गटात पाच, आणि आपण पाचवे. संघांची नावं बर्वे घेत नसत. पहिले ते 'माजलेले', दुसरे 'नशीबवान', मधले 'ते दोघे' आणि तळाला आपण. बर्वे कधी अमेरिकेला गेलेले नाहीत. ही गोष्ट चौदा-पंधरा सालची. एप्रिलमध्ये हार्बरफ्रंटच्या आमच्या शिपिंग ऑफिसातला प्रत्येक भारतीय माणूस ट्वेंटी-ट्वेंटीत बुडालेला असे, आणि हे गृहस्थ मोबाइलवर बेसबॉलचा तक्ता बघत बसलेले.

"पण हाच संघ का?" मी एकदा विचारलं.

"पहिल्यांदा तक्ता उघडला तेव्हा हे तळाला होते. म्हटलं, यांचं कोणीतरी बघायला हवं."

अर्धा सामना मागे कसं असतात, हेही मी विचारून बसलो. बर्व्यांनी बेडोकपासून आउट्रम पार्कपर्यंत समजावलं, गाडी बदलून पुढे हार्बरफ्रंटपर्यंत समजावलं. मला कळलं नाही. त्या तक्त्यात नेट रनरेट नसतो याचं त्यांना फार वाईट वाटे. शेवटी एका दुरेघी वहीत तो रनरेट ते स्वतःच काढायला लागले. "अमेरिकन लोकांना सुचलं नाही हो," म्हणायचे.

आणि पालुपद एकच: "अजून एप्रिलच आहे." सीझन सहा महिन्यांचा, सामने जवळपास रोज, तेव्हा पहिल्या महिन्यात तळाला असलो म्हणून काय झालं, असा त्याचा अर्थ. पण ते हे कुठेही लावायचे. जहाज चार दिवस लेट, अजून एप्रिलच आहे. माझा पीआरचा, म्हणजे या देशात कायम राहण्याचा, अर्ज तिसऱ्यांदा नामंजूर झाला, तेव्हाही पाठीवर हात ठेवून हेच. अस्सा वैताग यायचा म्हणून सांगू.

तरी मी त्यांना तोडत नसे, कारण दुसरा विषय याहून अवघड होता. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या बायकोला, सुलभावहिनींना, पॅरालिसिसचा झटका आला होता. हातपाय बरेच सावरले, वाचा मात्र गेली. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी चालली होती. वहिनींचे नाशिकचे दादा म्हणाले, एप्रिलअखेरपर्यंत वाट बघू, फरक पडला नाही तर मी येऊन तिला घेऊन जातो. दिवसभर ती कामवाल्या बाईबरोबर एकटी, मराठीत दोन शब्द बोलायला घरात कोणी नाही. यात खोटं काही नव्हतं. बर्व्यांनी कबूल केलं होतं.

एका सकाळी गाडीत त्यांना डुलकी लागली आणि वही माझ्या मांडीवर घसरली. पाच संघांच्या खाली सहावी ओळ होती. सुलभा. जिंकले दोन, हरले सतरा.

तेवढ्यात त्यांनी डोळे उघडून वही घेतली.

"ज्या दिवशी एक शब्द बोलली, तो दिवस जिंकला. कुठलाही शब्द. परवा 'मीठ' म्हणाली." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "अजून एप्रिलच आहे." या वेळी मला वैताग आला नाही. नुसतं वाईट वाटलं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी वहिनींना निरोप द्यायला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दादा आलेले होते. दुपारचं विमान होतं. वहिनी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, बाहेर बांबूवर त्यांचेच दोन ड्रेस वाळत होते, आणि दादा भली मोठी बॅग गुडघ्याखाली दाबून तिची चेन ओढत होते. तिकडची मॅच तेवढ्यात संपली. बर्वे रोजच्यासारखे खुर्चीजवळ वाकले. रोज वहिनींना निकाल सांगत असतील, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"हरलो गं. तीन-दोननं."

वहिनींचे ओठ हलले. पुन्हा हलले.

"उ... उद्या?"

"उद्या आहे," बर्वे म्हणाले. "आहे ना. रोजच असते."

चेन ओढता ओढता दादा थांबले. "उद्या काय आहे?"

बर्वे वहीत लिहायला पेन शोधत सगळे खिसे चाचपत होते, आणि पेन त्यांच्या हातातच होतं. मग मीच दादांशेजारी जमिनीवर बसलो आणि सांगायला लागलो. गटात पाच संघ असतात, आपण पाचवे, साडेसहा सामन्यांनी मागे.

दादांनी बहिणीकडे बघितलं. बॅग भिंतीकडे सरकवली.

"साडेसहा म्हणजे फार होतात का हो?"

"अजून एप्रिलच आहे," मी म्हणालो.