डर्बनमध्ये विहीण सुखरूप ठेवण्याची पद्धत

पाहुण्याला सुखरूप ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला येऊच न देणे. हा मार्ग विमा कंपन्यांना मान्य आहे, पोलिसांना मान्य आहे, आणि स्वयंपाक ज्यांच्या गळ्यात पडतो त्यांना तर मनापासून मान्य आहे. पण काही पाहुण्यांना नको म्हणता येत नाही. त्यात पहिला मान व्याह्यांचा. अशा वेळी माणसाच्या हाती एकच हत्यार उरतं, ते म्हणजे सल्ला. सल्ल्याला परवाना लागत नाही, तो कधी संपत नाही, आणि देणाऱ्याला त्यापासून आजवर इजा झालेली नाही. (एक अपवाद आहे. तो पुढे येतो.)

थवनेसन चिन्नासामी हे दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या रेझर्व्हॉयर हिल्स भागातल्या आपल्या गल्लीच्या सुरक्षा समितीचे संस्थापक-अध्यक्ष. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. म्हणजे लोकांचं काय गेलं, कुठून गेलं आणि जाताना खिडकीची काच कशी फुटली, हे वाचण्यात हयात गेली. ज्यांचं काही गेलं नाही त्यांनी कंपनीला कधी पत्र लिहिलं नाही. त्यामुळे असेही लोक शहरात राहतात ही बातमी थवनेसन यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

त्यांचं घर पाहण्यासारखं होतं, म्हणजे दिसलं असतं तर. बाहेर उंच भिंत, तिच्यावर विजेची तार, एक सरकतं फाटक, आत दुसरं फाटक, खिडक्यांना गज आणि झोपण्याच्या खोल्यांकडे जाताना आणखी एक लोखंडी दार. तंबी नावाचा एक दांडगा कुत्राही होता, पण त्याला माकडांची भीती वाटायची म्हणून त्याच्या सुरक्षिततेसाठी तो घरातच असायचा. माकडं मात्र रोज सकाळी गजांमधून आत येऊन पाव घेऊन जात. गजांमधलं अंतर चोराच्या मापाने ठेवलेलं होतं. माकडांनी विम्याचा दावा कधी केला नसल्याने त्यांचं माप कुणाकडे नव्हतं.

अशा या घरावर प्रसंग आला तो मुलाच्या लग्नाचा. प्रेनोलन आयर्लंडमध्ये इस्पितळात कामाला होता. तिथे त्याचं ऑर्ला नावाच्या मुलीशी जमलं. ऑर्लाला वडील नव्हते. आई होती, नूला गेराटी. पश्चिमेकडच्या एका खेड्यात मेंढ्या पाळणारी, साठीच्या पुढची, बोलायला सरळ बाई. लग्न कुठे करायचं यावर ती एवढंच म्हणाली, "मी आधी तुमचं गाव बघते. पटलं तर तिथे, नाहीतर इथे आमच्या चर्चमध्ये. चाळीस माणसं मावतात."

हे ऐकून थवनेसन यांच्या पत्नी कोकिलांबाळ खुर्चीत बसल्या. त्यांनी आठशे माणसांचा अंदाज धरला होता, आणि तो फक्त जवळच्यांचा.

"चाळीस?" त्या म्हणाल्या. "चाळीस तर माझ्या माहेरचे रुसायलाच येतात! अहो, त्या बाईला हे शहर आवडलंच पाहिजे."

"आवडण्याचं नंतर," थवनेसन म्हणाले. "आधी ती जिवंत परत गेली पाहिजे."

समितीची तातडीची बैठक झाली. शेजारचे निवृत्त बंदर-कर्मचारी झोंडी आले. ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या सलोशनीबाई आल्या, ज्यांच्या हातात गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यांचे व्यायामशाळेत जाणारे दोन भाऊही आले. ते बैठकीत बोलत नसत, पण दारात उभे राहिले की बैठक झाल्यासारखी वाटे.

"बाईने रस्त्यात नकाशा उघडायचा नाही," झोंडी म्हणाले. "नकाशा म्हणजे पाटीच. मी नवीन आहे, मला लुटा."

"मग रस्ता कसा कळणार?"

"कुणाला तरी विचारावा."

"अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, हे आपण आत्ताच मंजूर केलंय, झोंडीबाबा," सलोशनीबाईंनी आठवण करून दिली.

"मग भरभर चालावं, जसं काही सगळं ठाऊक आहे."

"भरभर चाललं की घाबरल्यासारखं दिसतं."

"मग हळू चालावं."

"हळू चाललं की श्रीमंत दिसतं."

बराच खल होऊन असं ठरलं की पाहुणीने मध्यम वेगाने, कुठेही न जाता चालावं. दागिने घालू नयेत. पण अगदीच घातले नाहीत तर दडवलेत असा संशय येतो, म्हणून खोटे घालावेत. पण खोटे खरे वाटतील इतके चांगले नसावेत. आपलं नाव, मुक्कामाचं ठिकाण आणि सोबत कोण आहे हे कुणालाही सांगू नये. "गणवेशातल्या माणसालासुद्धा नाही," थवनेसन यांनी बोट उंचावून भर घातली. "गणवेश शिवून मिळतो." हे कलम टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. याच बैठकीत सलोशनीबाईंनी आकडेवारीही मांडली. शहरातले शंभरातले नव्वद लोक संध्याकाळी सुखरूप घरी पोचतात. (उरलेले दहा पोचतात, पण उशिरा. वाहतूक असते.) मात्र अशा आकड्यांनी लोक गाफील होतात, म्हणून ते प्रसृत न करण्याचं ठरलं.

नूलाबाई विमानतळावर उतरल्या त्या हसतच. थवनेसन यांनी हार घातला आणि तो लगेच काढून घेतला. हाराने लक्ष वेधलं जातं.

"ते घड्याळ काढा," गाडीत बसताच ते म्हणाले.

"हे? हे बंद आहे. नवऱ्याचं आहे म्हणून घालते."

"चोराला कुठे माहीत बंद आहे ते?"

नूलाबाईंनी घड्याळ काढलं. मग अंगठी काढली, पर्स पायाखाली सारली, काच वर केली आणि खाली वाकल्या, कारण थवनेसन म्हणाले, "पुढचा सिग्नल जरा बरा नाही." अशा रीतीने डर्बन शहराचं त्यांना झालेलं पहिलं दर्शन गाडीच्या पायपुसण्याचं होतं. पायपुसणं स्वच्छ होतं.

पुढचे दिवस अतिशय सुरक्षित गेले. पहिल्या दिवशी नूलाबाईंना समितीची सगळी यादी वाचून दाखवण्यात आली आणि एक मॉल दाखवण्यात आला. दुसऱ्या दिवशी, थोडा बदल म्हणून, दुसरा मॉल. रात्री लोखंडी दार बंद करून किल्ली थवनेसन उशाखाली घेत. नूलाबाईंनी पाणी प्यायला बाहेर यायचं म्हटलं तर आधी गजर बंद करावा लागे, मग तंबीला समजावावं लागे, आणि तोवर तहान जाई.

"समुद्र कुठे आहे हो?" एका सकाळी त्यांनी विचारलं.

"गच्चीवरून दिसतो," थवनेसन अभिमानाने म्हणाले. "धुकं नसलं तर. ती निळी रेघ."

नूलाबाईंनी रेघ पाहिली. मग खोलीत जाऊन त्यांनी मुलीला फोन लावला. कोकिलांबाळ दाराशी धुतलेले टॉवेल घेऊन उभ्या होत्या. (त्या ऐकत नव्हत्या. टॉवेल जड होते.)

"माणसं सोन्यासारखी आहेत गं," नूलाबाई सांगत होत्या. "पण बिचारी कोंडून घेतल्यासारखी राहतात. खातात छान. पण ऑर्ला, असं जगणं म्हणजे... आपल्या मेंढ्यासुद्धा दिवसातून दोनदा बाहेर जातात. लग्न तिकडेच करू आपण."

कोकिलांबाळ यांनी टॉवेल तिथेच ठेवले आणि त्या थेट नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"उद्या त्यांना समुद्रावर न्यायचं."

"कोकिला, किनाऱ्यावर काय काय होतं तुला माहीत नाही. मी फायली वाचल्यात."

"फायली वाचल्यात! शेवटचा समुद्र कधी पाहिलात ते सांगा. अहो, लग्नाआधी मला रोज तिथे मासे पकडून दाखवायचात. एक तरी धड मासा मिळायचा का? पण जायचात ना! आता माझा एकुलता एक मुलगा चाळीस माणसांत, पावसात भिजत लग्न करणार, आणि तुम्ही इथे किल्ल्या मोजत बसणार?"

 थवनेसन यांना खरंच आठवेना की शेवटचं कधी गेलो होतो. दावा नसला की तारीख राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मोहीम निघाली. तीन गाड्या. पुढे झोंडी, मध्ये नूलाबाईंसह थवनेसन, मागे सलोशनीबाई आणि भाऊ. कोकिलांबाळ डबा घेऊन मागाहून बहिणीबरोबर येणार होत्या. किनाऱ्यावरच्या फरसबंद रस्त्यावर उतरताच समितीने ठरल्याप्रमाणे नूलाबाईंभोवती कडं केलं. सगळ्यांनी काळे चष्मे लावले होते, कारण डोळे कुठे वळतात हे चोराला कळता कामा नये. मध्यम वेगाने कडं निघालं. नूलाबाईंना समुद्र ऐकू येत होता. मध्ये सलोशनीबाईंच्या धाकट्या भावाची पाठ होती, आणि ती जवळपास समुद्राएवढीच होती.

शेजारून पोरं स्केटिंग करत होती, म्हातारे हातात हात घालून फिरत होते, एक बाई आंबट-तिखट अननस विकत होती. त्या सगळ्यांनी हे दृश्य पाहिलं. काळ्या चष्म्यांचं एक टोळकं, आणि मधोमध, घड्याळ नाही, अंगठी नाही, पर्स नाही अशी एक पांढऱ्या केसांची गोरी म्हातारी. अननसवालीने पोलिसांना हाक मारली.

कॉन्स्टेबल थांडेका दोन शिपायांसह आल्या. शहरात पाहुण्यांची फार काळजी घेतात, ती अशी.

"गोगो," त्या नूलाबाईंना अदबीने आजी म्हणत म्हणाल्या, "तुम्ही ठीक आहात ना? ही माणसं कोण आहेत?"

नूलाबाईंनी थवनेसन यांच्याकडे पाहिलं. मग कॉन्स्टेबलच्या गणवेशाकडे पाहिलं. गणवेश चांगला शिवलेला होता.

"मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"तुमचं नाव?"

"तेही नाही."

"राहता कुठे?"

"मुळीच नाही सांगणार."

"नूलाबाई, अहो सांगा!" थवनेसन ओरडले. "मी तुमचा व्याही!"

"गोगो, हे तुम्हाला गप्प राहायला सांगतात का?" थांडेकांनी हलकेच विचारलं.

खोटं बोलायची नूलाबाईंना सवय नव्हती. "हो," त्या म्हणाल्या. "आल्यापासून."

"रात्री कोंडून ठेवतात?"

"दार लोखंडी आहे. किल्ली यांच्याकडे असते."

यानंतर समितीला पोलीस व्हॅनमध्ये बसवण्यात आलं. दोन्ही भाऊ एका बाजूला बसल्यामुळे व्हॅन जरा कलली. झोंडी सगळा वेळ एवढंच म्हणत होते, "मी आधीच म्हणालो होतो, नकाशा उघडायला हवा होता." थवनेसन मात्र जाळीच्या खिडकीला नाक लावून बसले. बाहेर समुद्र होता. मोठा, उसळता, उन्हात चकाकणारा, वरून पेलिकनची रांग चाललेली. इतकी वर्षं तो उघड्यावर पडलेला होता, ना कुंपण ना गजर, आणि तरी कुणी उचलून नेला नव्हता. त्यांनी फक्त काळा चष्मा काढून खिशात ठेवला.

इकडे नूलाबाई पहिल्यांदाच मोकळ्या झाल्या. थांडेका म्हणाल्या, "गोगो, चौकीत चला, चहा घ्या." नूलाबाई म्हणाल्या, "चहा घरी पुष्कळ झाला. मी जरा पाण्यात पाय बुडवते."

पाण्यात डोंगराकडच्या खेड्यातून आलेल्या बायकांचा एक घोळका होता. त्या परकर वर खोचून प्लॅस्टिकच्या बाटल्यांत समुद्राचं पाणी भरत होत्या. घरी न्यायला, अंगावर शिंपडायला, दुखण्याखुपण्यावर. नूलाबाईंच्याही गावाजवळ एक पवित्र विहीर होती आणि तिथेही हेच चाले, त्यामुळे भाषेची अडचण आली नाही. एका लाटेने चार जणी एकदम पालथ्या पडल्या. त्यांत नूलाबाई होत्या. बायकांनी त्यांना उठवलं, हसल्या, पुन्हा पाडलं. मग सगळ्यांनी रस्त्याकडेच्या दुकानातून बनी चाव आणला. पावाचा अर्धा लोफ कोरून आत घेवड्याची झणझणीत आमटी भरलेली. ओल्या कपड्यांनी, वाळूत बसून, हाताने खाल्ला. नूलाबाईंच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी आणखी मागितला.

मग त्या बायकांनी त्यांना बोट वर करून मिनीबस कशी थांबवायची ते शिकवलं. मिनीबसमध्ये बसणं हे समितीच्या मनाईत अगदी वरच्या क्रमांकावर होतं. पंधरा माणसांच्या जागेत एकवीस माणसं, मोठ्याने गाणी, आणि प्रत्येक जण नूलाबाईंना आपापलं घर कुठे ते सांगत होता. कुणाकडेही सल्ला नव्हता. नूलाबाईंनीही आपलं नाव, गाव, मेंढ्यांची नावं, सगळं सांगून टाकलं, आणि पोलीस ठाण्याशी उतरवायला सांगितलं.

किनाऱ्यावर बातमी कळल्याने कोकिलांबाळ डबा घेऊन पोलीस ठाण्यात आधीच पोचल्या होत्या. समिती बाकावर ओळीने बसून त्यातले समोसे खात होती. दारातून वाळूने माखलेल्या, केस विस्कटलेल्या विहीणबाई आत आल्या तेव्हा थवनेसन ताडकन उठले.

"लुटलं ना तुम्हाला? मला माहीत होतं!"

"छे हो! उलट मला एक बाटली मिळाली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी समुद्राचं पाणी टेबलावर ठेवलं. मग थांडेकांकडे वळल्या. "ही माझी माणसं आहेत. थोडी घाबरट आहेत, पण माझीच आहेत. सोडा त्यांना."

"नूलाअक्का," कोकिलांबाळ डबा बाजूला सारत म्हणाल्या, "मग लग्न?"

"इथेच. आणि त्या पाण्यातल्या बायकांना मी बोलावून बसलेय. त्या सगळ्या येणार. आठशेत बसतील ना?"

लग्न डिसेंबरात झालं. माणसं अकराशे आली. चोरीला काही गेलं नाही. गेलं ते पावांचं टोपलं, माकडांनी नेलं. वरमाय नाचली, विहीण नाचली, दोघे भाऊसुद्धा नाचले आणि मांडव थोडा कलला. थवनेसन आता रविवारी पहाटे गळ घेऊन किनाऱ्यावर जातात. अजून एकही धड मासा मिळालेला नाही.

समितीचं काम मात्र थांबलेलं नाही. प्रेनोलन आणि ऑर्ला यांनी मधुचंद्राला महाराष्ट्रात यायचं ठरवलं. तुमच्याकडचे काही सज्जन थवनेसन यांच्या विम्यातल्या ओळखीचे निघाले. त्यांना थवनेसन यांनी सहज विचारलं, "मुलांनी काही विशेष काळजी घ्यायला हवी का?" उत्तरं अजून येताहेत. पाणी उकळून घ्या, उकळलेलं असं सांगितलं तर पुन्हा उकळा. रिक्षावाल्याला नवीन आहात हे कळू देऊ नका, पण भाव आधी ठरवा. फुटपाथवर चालू नका, तो दुचाकींसाठी आहे. मदत करायला कुणी आलं तर पर्स सांभाळा, कुणीच आलं नाही तर जास्त सांभाळा. आमच्या गावात भीती अजिबात नाही, शेजारच्या गावात मात्र उतरूसुद्धा नका. (हे शेजारच्या गावातल्या सज्जनांनीही लिहिलं आहे.)

समितीने हे सगळं दोन बैठकांत वाचलं.  इतकं थवनेसन यांनी विम्याच्या फायलींतसुद्धा वाचलं नव्हतं. शेवटी सर्वानुमते ठराव झाला, की मुलांनी उगाच जिवाशी खेळू नये. डर्बनलाच यावं, इथे कसं, सगळं सुरक्षित आहे.