तळटिपांपासून वाचणारे अण्णा

रविवार, १२ जानेवारी, सकाळी दहा. हजर: अण्णा, भामरे सर, मी. गैरहजर: बाकी सगळे (थंडी).

अण्णा कुठलंही पुस्तक मागून वाचतात. आधी तळटिपा, मग शेवटचं प्रकरण, आणि दम उरलाच तर प्रस्तावना. त्यांची हयात विंचूरच्या कांदा लिलावात कारकुनी करण्यात गेली. "ट्रॉलीत वर समदे चांगलाच माल ठेवतात. हात खाली घालायचा," हे त्यांचं शास्त्र. एखादा विचार फुसका निघाला की समासात पेन्सिलीनं लिहितात, 'गोल्टी'. गोल्टी म्हणजे सगळ्यात बारका कांदा. एका जाडजूड ग्रंथात मी एकोणीस गोल्ट्या मोजल्या आहेत.

आमच्या नाशिकच्या सोसायटीतल्या वाचन मंडळाची मी चिटणीस. यादी, वेळ आणि चहा माझ्याकडे. विषय मात्र अण्णांचे: समाज, सत्ता, वसाहतवाद, विकास. इतक्या वाचनानं त्यांना एक प्रश्न जडला आहे, "हे कुणाच्या हिताचं?" लिफ्ट बंद पडली तरी हाच, डॉक्टरांनी साखर बंद केली तरी हाच. परवा भाजीवाल्या सुमनताईंनी मेथीवर कोथिंबीर दिली, तर हे काडी हातात धरून उभे.

"ही फुकटची कोथिंबीर कुणाच्या हिताची?"

"तुमच्या! नको तर द्या इकडं. मागं गिऱ्हाईक हाय, अण्णा."

अण्णांनी ती पिशवीत घातली आणि जिन्यात मला गाठून सांगितलं, सत्ता ही अशी गोड बोलून काम करते.

या सगळ्या वाचनामागचं कारण मंडळात प्रत्येकाला ठाऊक आहे. कुणालाच ठाऊक नाही, असं फक्त अण्णांना वाटतं. त्यांची मुलगी मेधा दिल्लीला समाजशास्त्र शिकवते. दोन वर्षं दर रविवारी तिचा फोन यायचा. तिचं पुस्तक छापून झालं आणि फोन थांबला. तिच्या विषयावर चार शब्द बोलता आले तर तो पुन्हा येईल, म्हणून हा खटाटोप.

आज तिचंच पुस्तक घेतलं होतं. ते इंग्रजी, म्हणून वाचायला भामरे सर. निवृत्त शिक्षक, मूळचे नामपूरचे, रंगात आले की अहिराणीत शिरतात.

"सर, खालून," अण्णा म्हणाले.

सरांनी तिसऱ्या प्रकरणाची तळटीप काढून मराठीत सांगितली. "लिलावातल्या एका निवृत्त कारकुनाशी फोनवर झालेल्या मुलाखती. नाव गोपनीय."

"कोण हो हा? आमच्यातला असंल तर मला माहीत पाहिजे! बोलायला फार आगाऊ दिसतोय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे.

"अण्णा," सर त्यांच्याकडे बोट करून हळूच म्हणाले, "हाऊ मानूस आठेच शे. इथंच बसलाय."

अण्णांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला नाही.

"म्हंजे ते फोन मुलाखतीचे होते?"

सरांनी तळटिपेवर बोट ठेवलं.

"मला वाटायचं, पोरीला तिकडं करमत नाय. म्हणून विचारती, लिलाव किती वाजता सुरू व्हायचा, हमाल जेवायला काय आणायचे. मी लय बोललो हो. एकदा ताप होता, तरी उठून बसलो."

मला वाटलं, आता पुस्तक मिटतील. पण ते सरांकडे वळले. "सर, बघा ना, तिचं काही विचारायचं राहिलंय का? भिजलेल्या मालाचा लिलाव मी सांगितलेलाच नाय तिला."

सर म्हणाले, भिजलेल्या मालाचं यात खरंच काही नाही. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "लिहून घ्या, ताई." मी वही उघडली. भिजलेला माल. लिलाव बंद पडला तो दिवस. रात्रभर रांगेत झोपणाऱ्या बायका. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. सात मुद्दे झाले.

आठवा मी माझ्या मनानं घातला: मेधाला आजच फोन करणे.

अण्णांनी मोबाईल घेतला, नंबर काढला, बराच वेळ त्याकडे पाहिलं. "तिची जेवायची वेळ असंल," म्हणाले आणि फोन पालथा ठेवला. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

आता संध्याकाळचे सहा. वहीत आठव्या मुद्द्यापुढची खुणेची चौकट रिकामी आहे.