गालावरचा पिक्सल

सुश्रुतच्या सिनेमा कॅमेऱ्याला गोवर आला होता. जरा अंधारात काही शूट करा, स्क्रीनवर लाल, हिरवे, पांढरे ठिपके हजर. कॅमेरा अर्थातच सेकंडहँड. "भाई, मख्खन पीस है, पिक्चर शूट हुई है इसपे," असं विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, आणि छातीवर हात ठेवणारा माणूस खोटं बोलत नाही यावर सुश्रुतचा गाढ विश्वास. मग साहेबांनी लेन्स बदलली, कार्ड बदललं, बॅटरी बदलली; बदलायचं राहिलं ते फक्त डोकं. शेवटी मनोज नावाच्या मित्राने इलाज सांगितला. लेन्सला झाकण लावून 'पिक्सल रीमॅप' चालवायचं, म्हणजे कॅमेरा बिघडलेले ठिपके स्वतःच शोधून बुजवतो. तसं केलं आणि एकदाचा गोवर उतरला.

उतरायलाच हवा होता. दुसऱ्या दिवशी कामतघरला रुचिराच्या बहिणीच्या बाळाचं बारसं शूट करायचं होतं, आणि सुश्रुतला रुचिराशी लग्न करायचं होतं. रुचिरा तयार, तिचे वडील भाऊ तयार. अडून बसल्या होत्या त्या तिच्या आई, नीलाकाकू. "सिनेमाच्या लायनीतली माणसं भारी चालू असतात," हे त्यांचं मत. त्या लायनीतला एकही माणूस त्यांना माहीत नव्हता, त्यामुळे मत अगदी पक्कं होतं. "हा व्हिडिओ बिघडला तर आई पुन्हा तुझं नाव काढू द्यायची नाही," रुचिराने बजावलं होतं.

बारशाला नीलाकाकू नातवाला घेऊन बाहेर आल्या. गुटगुटीत बाळ, आणि दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची चांगली वाटाण्याएवढी तीट. जमलेल्या सगळ्यांना ती तीट दिसली. कॅमेऱ्याच्या स्क्रीनला डोळे चिकटवून बसलेल्या सुश्रुतला मात्र डेड पिक्सल, म्हणजे कॅमेऱ्यातलाच मेलेला ठिपका, दिसला. त्याने कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"मन्या, काळा ठिपका आलाय. आणि सरकतोय!"

"सरकतोय? पिक्सल कधी सरकतो काय?"

"अरे, बाळ हललं की हलतो."

"बाप रे! मग सेन्सर गेला तुझा. झाकण लाव आणि रीमॅप मार, लगेच!" मनोजचा सल्ला नेहमी लगेच मिळायचा, कारण विचार करण्यात तो वेळ घालवत नसे.

सुश्रुतने झाकण लावलं. नेमकी तेव्हाच पडघ्याहून आलेली बाळाची आत्या त्याच्या कानाशी वाकली, 'कुर्रर्र' झालं, बाळाचं नाव अथर्व ठेवलं गेलं आणि बायकांनी आत्याच्या पाठीत हौसेने गुद्दे घातले. कॅमेऱ्याने हा सगळा सोहळा काळ्याकुट्ट रंगात टिपला.

"काकू, ते कुर्र... परत एकदा होईल का?"

"परत? नाव काय दोनदा ठेवतात होय रे?"

"मी न्हाय हां परत मार खायची!" आत्या पाठ चोळत ओरडली.

भाऊंनी हातापाया पडून तिला तयार केलं. दुसऱ्या खेपेला गुद्दे जरा जास्तच रंगले. त्या गोंधळाने बाळ दचकून रडायला लागलं आणि मुठीने गाल चोळू लागलं. ठिपक्याची रेघ झाली.

"मन्या, अख्खी लाइन गेली रे!" सुश्रुत फोनवर कुजबुजला.

तेवढ्यात काकूंनी नातवाला उचलून गालाला गाल लावला. आता त्यांच्याही गालावर काळं.

"मन्या, पसरतंय!"

"अरे मग कार्ड लॅपटॉपला लावू नको! त्याला पण होईल!"

सुश्रुतला घाम फुटला. काकूंनी रुचिराला कोपराने ढोसलं. "बघ, बघ. कार्य राहिलं बाजूला, हा गुलुगुलु बोलतोय कुणाशी तरी. मी म्हटलंच होतं."

पुढचे कित्येक दिवस सुश्रुत जेवणखाण विसरून लॅपटॉपसमोर बसला आणि एकेक फ्रेम काढून त्याने प्रत्येक गाल आरशासारखा लख्ख केला. मग मोठ्या रुबाबात कामतघरला जाऊन काकूंच्या टीव्हीवर व्हिडिओ लावला. काकू जरा वेळ बघत राहिल्या.

"तीट कुठाय?"

"कुठली तीट?"

"बाळाच्या गालाची! मी स्वतः लावली होती."

"काकू... ते काजळ होतं?"

"मग काय डांबर होतं?"

"मला वाटलं, कॅमेरा गेला. मनोजला सारखा फोन करून तेच विचारत होतो. मी... मी सगळं पुसलं, काकू. एकेक फ्रेम."

रुचिराने कपाळाला हात लावला. संपलं सगळं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

काकू आत गेल्या, काजळाची डबी घेऊन आल्या आणि टीव्हीच्या काचेवर, बाळाच्या गालावर, त्यांनी तीट लावली. चित्रातलं बाळ हललं. तीट तिथेच राहिली. आधी आत्याच्या नाकावर, मग भाऊंच्या टकलावर.

"डेड पिक्सल असा असतो, काकू," सुश्रुत अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "जागचा हलत नाही."

भाऊंना ठसका लागला. काकू मात्र सुश्रुतकडे टक लावून बघत राहिल्या. लबाडीचा कुठे मागमूस सापडतो का, हे त्यांनी वरून खाली नीट तपासलं. कुठेच सापडेना. मग बोटावरचं उरलेलं काजळ त्यांनी त्याच्या कानामागे पुसलं.

"अहो," त्या भाऊंना म्हणाल्या, "गुरुजींना फोन लावा. असलं येडं दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडायच्या आत मुहूर्त काढा."