अडीच कट्ट्यांचा भाग

"आज दोनच कट्टे झाले," बकारामने सुपातल्या बिड्या मोजून जाहीर केले. "मागच्या शनवारी अडीच झाल्ते. भाग लहान झाला."

यादोरावांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्याने बकाराम नाहीसा होत नाही हे त्यांना ठाऊक होते, पण तेवढाच आराम.

सालेकशाच्या त्या बीडी कारखान्यात घड्याळ नव्हते. कारखाना म्हणजे कवेलूंच्या छपराची एक लांब पडवी आणि तिच्यात मांडीवर सूप घेऊन बसलेली पंचवीस-तीस माणसे. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, आणि शनिवारची गोष्ट किती लांबली हे कट्ट्यांवर ठरत असे. यादोराव वाचायला लागले की बकाराम रिकामे सूप पुढे ओढी आणि 'क्रमशः' ऐकले की मोजायला घेई.

यादोराव कारखान्याचे तपासनीस. कच्च्या, सैल बिड्या छाटून बाजूला काढायच्या हे त्यांचे काम. शनिवारी दुपारच्या पॅसेंजरने नागपूरचे साप्ताहिक येई. ते स्वतः स्टेशनवर जाऊन घेत आणि जेवणानंतर पडवीत मोठ्याने वाचत. त्यात विद्युतवीराची गोष्ट होती. हा विद्युतवीर तोंडाला काळे फडके बांधी, एका बुक्कीत भिंत पाडी आणि धावती मोटार हाताने थांबवी. फडक्यामागे कोण आहे ते कोणालाच माहीत नव्हते. कारखान्यात त्याला बिजल्या म्हणत.

हे वाचन रुख्माने, यादोरावांच्या बायकोने, सुरू करून दिले होते. "मले घरी वाचून दाखवता, तं इथंच दाखवा ना. सगळ्यायनं आयकलं तं तुमचा घसा काय झिजते?" असे ती सगळ्यांसमोर म्हणाली, मग यादोरावांना नाही म्हणता आले नाही. ती पडवीच्या एकुलत्या एका खिडकीपाशी बसायची. कार्तिकात तिला ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली. तिचे सूप खिडकीजवळच्या खिळ्याला तसेच लटकत होते. त्या जागी कोणी बसत नसे.

"लहान झाला नाही," यादोराव डोळे न उघडता म्हणाले. "तेंदूचं पान जुनं झालं. कडक पान वळायले वेळ लागते, म्हनून बिड्या कमी झाल्या. भाग तेवढाच हाय."

"पान कालबी जुनंच होतं," बकाराम म्हणाला.

"भाऊजी, राग नका मानू," देवकाबाई मधे पडल्या. त्या वयाने आणि आवाजाने कारखान्यात सर्वांत मोठ्या. "तुमी मधातलं खाऊन तं नाई टाकत?"

"मी कायले खाऊ?"

"बिड्या छाटते तशी गोष्टबी छाटत असन," बकाराम म्हणाला. त्याच्या सतरा बिड्या सकाळीच छाटल्या गेल्या होत्या.

"मंग तुमीच वाचा!" यादोरावांनी पेपर पुढे केला. कोणी हात पुढे केला नाही. वाचता कोणालाच येत नव्हते. फक्त बकारामची सून शामकला मागच्या महिन्यापासून शाळेतल्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जात होती. रोज सकाळी कारखान्याचे दोन रांजण विहिरीवरून भरायचे, दिवसभर बिड्या वळायच्या, आणि मग पाटी घेऊन बसायचे.

"मले अजून 'ठ' परेंतच येते, काकाजी," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी यादोरावांनी पेपर उघडला, तर भाग खरोखरच बोटभर लहान होता. आता दोन कट्टेही व्हायचे नाहीत. त्यांना बकारामचा चेहरा दिसला आणि पुढचे सारे न ठरवता झाले. विद्युतवीर चोरांचा पाठलाग करून दमला असे छापले होते. यादोरावांनी त्याला एका झोपडीत नेले आणि जेवायला बसवले. अंबाडीची भाजी वाढली, वर लसणाची फोडणी घातली, गरम भात दिला. मग त्याने आणखी भात मागितला.

"तीन कट्टे!" बकाराम ओरडला. "असा भाग पायजे!"

"मी म्हनत नव्हती?" देवकाबाई म्हणाल्या. त्यांचे मत होते की बिजल्या म्हणजे मालगाडीचा गार्ड. काळा कोट घालतो, डब्यात एकटाच राहतो, आणि एकटा माणूस दिवसभर डब्यात करतो काय? "अंबाडी खाते म्हंजे मानूस आपल्याच झाडीपट्टीतला हाय." दोन दिवसांनी त्यांनी स्टेशनवर जाऊन गार्डाला डबाभर अंबाडीची भाजी दिली. त्या बिचाऱ्याने ती खाल्ली. झाले, पुरावा मिळाला.

बकारामचे म्हणणे निराळे होते. गोष्टीत जमीनदाराचा रणधीर नावाचा छानछोकी पोरगा होता, तोच बिजल्या. यावरून दोघांची रोज जुंपे आणि निवाडा मागायला दोघे यादोरावांकडे येत.

"मले काय मालूम? पेपरात येईन तवा कळन," यादोराव म्हणत. पण अंबाडी कोणी टाकली हे त्यांना मालूम होते, आणि बिड्या तपासताना ते आता मान वर करीत नसत.

पुढचा भाग आणखी लहान निघाला. यादोरावांनी त्यात अस्वल घातले. अस्वलाने विद्युतवीराचा डावा हात कोपरापर्यंत फाडला. पडवीत बायका हळहळल्या, पावणेतीन कट्टे झाले, यादोराव सुखाने घरी गेले. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी, आपले अस्वल आपणच विसरून, ते छापलेले वाचत सुटले: विद्युतवीर दोन्ही हातांनी दोर धरून सरसर मनोऱ्यावर चढला.

"थांबा!" देवकाबाई म्हणाल्या. "कोनते दोन हात?"

यादोराव तीच ओळ पुन्हा पाहू लागले.

"डावा तं अस्वलानं फाडला ना?"

"बरा झाला."

"आठ दिवसांत?" बकाराम म्हणाला. "मले काटा रुतला तं महिना लागते!"

"मोहाचं तेल लावलं," यादोराव म्हणाले. ते मूर्खपणाचे होते हे त्यांना तोंडातून निघताच कळले. संध्याकाळपर्यंत तीन बायकांनी गुडघ्याला मोहाचे तेल चोळले होते. देवकाबाईंनी मात्र ते मानले नाही. बिजले दोन आहेत, गार्ड आणि गार्डाचा भाऊ, असे त्यांनी ठरवून टाकले. बकारामने विचारले की गार्डाला भाऊ आहे हे कोणी सांगितले. मग गार्डाला भाऊ नाही हे तुला कोणी सांगितले, असे देवकाबाईंनी विचारले. त्या दिवशी बिड्या इतक्या वाईट झाल्या की यादोरावांनी निम्म्या छाटल्या.

शेवटी पेपरवाल्यांनाच पत्र लिहायचे ठरले. यादोरावांना कागद घेऊन मधोमध बसवले.

"लिवा," बकारामने सांगितले. "भाग अडीच कट्ट्याच्या खाली चालनार नाई."

"अन् अस्वलाचं विचारा," देवकाबाई म्हणाल्या. "हात कसा बरा झाला, ते साफ लिवा म्हना."

यादोरावांनी लिहिले: 'आपला भाग लहान होत आहे. मोठा करावा ही विनंती.' अस्वल लिहिले असते तर तिकडचा माणूस म्हणाला असता, कसले अस्वल?

शामकला मागे उभी राहून बघत होती. "काकाजी," ती हळूच म्हणाली, "अस्वलात जोडाक्षर असते. कालच शिकवलं. तुमच्या कागदावर तं एकबी जोडाक्षर दिसत नाई."

"तू आपल्या बिड्या वळ," यादोराव म्हणाले आणि घाईने पाकीट चिकटवले.

उत्तर पेपरातच छापून आले. वाचकांच्या पत्रांबद्दल आभार. कागदाच्या टंचाईमुळे भाग मोठा करणे शक्य नाही. सबब विद्युतवीराची गोष्ट येत्या अंकात संपेल आणि त्याचे फडके उतरेल.

"घ्या!" यादोराव वैतागून म्हणाले. "मोठा करा म्हनलं, तं संपवूनच टाकलं. झालं समाधान?"

समाधान कोणाचेच झाले नव्हते, पण आता कोणाचे खरे निघते याचाच घोर सर्वांना लागला. बकारामची नजर मात्र खिडकीकडे गेली. माघातली थंडी होती, आणि पडवीत ऊन येत असे ते तेवढ्याच जागेवर.

"यादोराव, एक बोलतो," तो म्हणाला. "तीन महिने झाले. उजेड फुकट जाऊन राहिला. बिजल्या रणधीर निघाला तं ती जागा माझी."

देवकाबाईंनी हातातली बिडी खाली ठेवली.

"अन् रुख्माचं खरं झालं तं?" त्यांनी विचारले.

रुख्माचे मत सगळ्यांना आठवत होते, कारण सगळे त्यावर पोट धरून हसले होते. ती म्हणाली होती, बिजल्या बाई आहे. "बावीस भाग आयकले. कोनाच्याबी घरी गेला तं तो पानी मागत नाई. सोताच रांजनातून घेते, पेते, अन् गिलास पालथा ठेवते. गडीमानसाले रांजन कोठं हाय ते तरी ठाऊक रायते का?"

बकाराम आताही हसला. "बाई निघाली तं महिनाभर कारखान्याचं पानी मी भरीन. सोता!"

"बरं," यादोराव म्हणाले. महिनाभराच्या कटकटीने ते इतके कावले होते की गप्प बसवायला त्यांनी होकार देऊन टाकला. घरी जाऊन चूल पेटवताना आपण काय कबूल केले ते त्यांच्या ध्यानात आले. त्या दिवशी भात करपला.

शनिवारी त्यांनी फलाटावरच पेपर उघडला. फडके उतरले होते. रणधीर निघाला होता. एवढ्यावर भागले नव्हते. फडके उतरल्यावर रणधीर पाटावर बसला आणि म्हणाला, "वहिनी, पाणी आण."

यादोरावांना त्या लिहिणाऱ्याचा इतका राग आला की त्यांनी पेपर फलाटावर आपटला. चाळीस भाग हा माणूस हाताने पाणी घेत होता. चाळीस भाग! आणि शेवटच्या ओळीत बसून पाणी मागतो. रुख्मा असती तर तिने याला उठवून रांजण दाखवला असता. त्यांनी पेपर उचलला, धूळ झटकली आणि कारखान्यात गेले.

सगळे वाट पाहत होते. बकारामने चटई आधीच गुंडाळून खिडकीच्या दिशेने ठेवली होती. यादोराव वाचू लागले. चोर पकडले, तिजोरी सापडली, गाव जमले. मग त्यांनी एकदा खिळ्यावरच्या सुपाकडे पाहिले.

"'विद्युतवीराने गाठ सोडली. फडके खाली पडले आणि त्याबरोबर खांद्यावर वेणी पडली. गावाने पाहिले, ती रणधीरची वहिनी यमुना होती. रोज दार उघडायला येणारी, पाणी देणारी. तिच्याकडे कोणी नीट बघितलेच नव्हते.'"

"काय!" बकाराम उठला. "वयनी? इकडं आना तो पेपर! शामकला, वाच. जोडाक्षरं येते ना तुले? वाच!"

यादोरावांनी पेपर सोडला नाही. शामकलाने तो हलकेच ओढून घेतला. तिचे बोट ओळीवरून चालू लागले. ओठ हलत होते. बोट एका जागी थांबले, मागे गेले, पुन्हा थांबले. तिने यादोरावांकडे पाहिले. मग सासऱ्याकडे पाहिले. मग कोपऱ्यातल्या दोन रांजणांकडे बराच वेळ पाहिले.

"य... मु... ना," ती बोट टेकवून म्हणाली. "बाईच हाय, मामाजी."

देवकाबाईंनी टाळी वाजवली. गार्डाचे आणि त्याच्या भावाचे त्या क्षणात विसरून गेल्या. "रुख्मा बोलली होती! मी तवाच म्हनलं, हिचं खरं हाय!" असे त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या.

"भाग किती कट्ट्याचा झाला पन?" बकाराम पुटपुटला. त्याने सूप पाहिले. सुपात एकही बिडी नव्हती. कोणाच्याच सुपात नव्हती.

सोमवारी सकाळी बकाराम विहिरीकडे जायला निघाला आणि अंगणातच उभा राहिला.

"अवं, दोर कोठं रायते?"

पडवीतून हसण्याचा आवाज आला.

"अन् पानी भरायचा गुंड? ... अन् रांजनाचं झाकन कोनं ठेवलं, कोठं ठेवलं?"

दहा वर्षे तो त्या रांजणांचे पाणी पीत होता. यादोराव बिड्या तपासत होते. त्यांनी खिडकीकडे बघून मान हलवली, जशी ते रुख्माचे एखादे बोलणे पटले की हलवत, आणि त्या सकाळी बकारामची एकही बिडी छाटली नाही.

पुढच्या शनिवारी पेपरात नवी गोष्ट सुरू झाली. यादोरावांनी पेपर शामकलाच्या हातात दिला. मग खिळ्यावरचे सूप काढले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि तिच्यापुढे ठेवले.

"इथं बस, खिडकीपाशी. वाचायले उजेड लागते."

शामकला अडखळत वाचू लागली. कोणी तिला घाई केली नाही. यादोराव भिंतीला टेकून पहिल्यांदाच नुसते ऐकत बसले. ऐन रंगात आले, नवा वीर जंगलातून धडपडत बाहेर पडला, आणि 'क्रमशः' आले.

"एवढाच?" यादोराव ताडकन सरळ झाले. "लहान झाला भाग. पोरी, मधातलं काही खाल्लं तं नाई?"

शामकलाने पेपरची घडी घातली. सासरा ऐकत नाही असे पाहून ती त्यांच्याकडे वाकली.

"खाल्लं नाई, काकाजी," ती हळू आवाजात म्हणाली. "उलटं एक अस्वल टाकलं."