कुरड्यांची नाकेबंदी

नमन श्रीस, आणि मग त्या गव्हास, ज्याचे पायीं धंतोलीतील मैत्री अपार्टमेंट या आठ घरांचें राज्य डळमळलें. जें घडलें तें लिहिलें. पदरचें मीठ घातलें तें चवीपुरतें.

चैत्रमासीं हळदीकुंकवाचे भरल्या दरबारीं गंगाभागीरथी तुळसाबाईसाहेब, तिसरा मजला, यांणीं अध्यक्षीण वज्रचूडेमंडित चारुलताबाईसाहेब यांचे घरचें लोणचें चाखिलें आणि तें दुकानचें आहे ऐसें साफ सांगितलें. खरें बोलणें आणि चारचौघींत बोलणें, दोन्ही गुन्हे एकदम जाले. अध्यक्षीणबाईंचा क्रोध अनावर होऊन मोबाइलवर इमारतीच्या ग्रुपांत फर्मान सुटलें कीं, तिसऱ्या मजल्यास विरजण देऊं नये, कढीपत्ता देऊं नये, आणि गच्चीची किल्ली तर मुळींच देऊं नये.

प्रसंग बाका. तुळसाबाईंची कन्या मोनाली कन्हानास सासरीं, सातवा महिना, आणि डोहाळे आईच्याच कुरड्यांचे. गहूं तीन दिवस भिजून, वाटून, चीक निवळत बसलेला. एक दिवस टळला तर अवघें आंबून मोरींत जाणार. बाईंचे डोळे भरून आले, ते पदरानें पुसून त्या मसलतीस बसल्या.

प्रथम तळमजल्याच्या मुग्धाकडे अंगण मागितलें. तिणें दार अर्धेंच उघडून सांगितलें, "मी कोणाच्याच बाजूनं नाही, काकू."

मग बाईंनीं घरचा कारखाना काढिला. कोमट दुधांत देठासकट सुकी मिरची टाकून बिनविरजणाचें दहीं लाविलें, आणि तें लागलेंही. दर्यापारचे मोठमोठे मुलूख एकमेकांची रसद तोडितात, तेव्हां तोडिलेले मुलूख हेंच करितात. फक्त मिरचीस नांव भारदस्त देतात. मग वाडीस बंधू राजमान्य राजेश्री रवींद्रराव गोदामवाले यांस फोन गेला.

"तुह्या गोदामाचं छत रिकामं आहे का गा?"

"ये ना वं, इचारून काहून राहिली?"

मग चिकाचें पातेलें, पितळी सोऱ्या आणि खुद्द बाईसाहेब, ऐसें सैन्य ऑटोंत भरून अमरावती मार्गें कूच जालें. गोदामांत चीक शिजला, छतावर ताडपत्री आणि तीवर धुतलें लुगडें अंथरिलें, आणि हमालांनीं सोऱ्या ऐसा दाबिला कीं दोन घटकांत पांढरी फौज पसरली. रिवाजाप्रमाणें हात लावणारास वाटीभर गरम चीक दूध-साखरेसह मिळाला. गोदामाचा सौरव ड्रायव्हर तीन वाट्या खाऊन ट्रक काढायचा विसरला.

इकडे धंतोलींत निराळाच अनर्थ. मोसम एकच, तेव्हां उरल्या सातही घरीं गहूं भिजलेले. आणि अवघ्या इमारतींत सोऱ्या एकच, तो तुळसाबाईंचा! फर्मान काढतेसमयीं हें कोणाचेही ध्यानीं आलें नाहीं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तें हेंच. सांजेस पातेल्यांना आंबूस वास सुटला, तेव्हां चारुलताबाईसाहेब गच्चीची किल्ली घेऊन, तीन जिने चढून, धापा टाकीत तहास आल्या.

तह ऐसा ठरला: किल्ली मोकळी, विरजण मोकळें, आणि सोऱ्या सहा घरीं फिरावा.

"सहा? अन् मुग्धा?"

"ती कोणाच्याच बाजूनं नाही ना वं. मंग सोऱ्या तरी काहून पाहिजे तिले?"

चारुलताबाईंस हें मनापासून पटलें. येणेंप्रमाणें फत्ते जाली, तिसरे दिवशीं कन्हानास डबा रुजू जाला, आणि त्याच दिवशीं मोबाइलवर नवें फर्मान सुटलें कीं, तळमजल्यास कोणीं कांहीं देऊं नये. खालीं पहिला अंगठा तुळसाबाईसाहेबांचा.