करकचून बांधलेला पाय

प्राणी कल्याण निरीक्षक म्हणून रुजू होऊन जागृती थूलला चार दिवस झाले होते आणि वर्धा जिल्ह्यातल्या एकाही जनावरावर अन्याय झाला नव्हता. संस्थेच्या कार्यालयात ती बसे, उठे, फोन चालू आहे ना ते पाही. पाचव्या दिवशी तक्रार आली. साहेबांचं, म्हणजे बाबारावांचं, वाक्य पुरं होईपर्यंत ती जिन्यात पोहोचली होती. तळेगावात वच्छलाबाई नावाच्या बाईने बकरीचा पाय करकचून बांधून ठेवलाय, एवढंच तिने ऐकलं.

तक्रार खरी निघाली. वच्छलाबाईंच्या अंगणात तांबडी बकरी आडवी पडली होती आणि मागच्या पायाला फडकं, वर सुतळी गच्च गुंडाळलेली. हाक मारण्याइतकाही धीर जागृतीला निघेना. तिने पिशवीतून कात्री काढली, सुतळी कापली. आतून बांबूच्या कामट्या गळून पडल्या. बकरीने लाथ झाडली, दोन कामट्या मोडल्या आणि जिवाच्या आकांताने ती ओरडली.

वच्छलाबाई धावत बाहेर आल्या. "काय केलं व पोरी? पाय मोडला हाये तिचा. काल बांधला म्या."

"मी निरीक्षक आहे. प्राण्यांच्या..." हातातला पाय लोंबत होता. जागृतीची कार्यालयीन मराठी तिथेच संपली. "मले वाटलं..."

"आता काई वाटू देऊ नको. असाच सरळ धर."

"डॉक्टर नाई का इथं?"

"आष्टीले गेले, लसी टोचाले. सोमवारी येतीन. मी बांबू पाह्यतो, तू पाय सोडू नको."

जागृती दोन्ही हातांनी पाय धरून बसली. ऊन अंगावर आलं. मांडीला मुंग्या आल्या. कुंपणाबाहेर चार माणसं जमली.

"काऊन धरली हो बकरी?" एकाने विचारलं.

"इलाज चालू आहे."

"मंग ओरडून काऊन राह्यली?"

जागृतीने पाय आणखी घट्ट धरला. तो माणूस बाजूला जाऊन फोनवर बोलू लागला.

दहा मिनिटांत जागृतीचा फोन वाजला. हात मोकळे नव्हते, म्हणून एका शेजारणीने तो तिच्या कानाला लावला.

"पोहोचली काय?" बाबाराव विचारत होते. "तिथूनच दुसरी तक्रार आली. कोणी बाई बकरीचा पाय पकडून बसली म्हणे, सोडतच नाई. पाह्य बरं कोण हाये."

"सर, ती मीच आहे."

 "अहवाल दे" एवढं म्हणून पलीकडून फोन बंद झाला.

वच्छलाबाईंनी नव्या कामट्या लावल्या, फडकं बांधलं. बकरी निवली. जागृतीने छापील कागद काढला आणि 'आरोपीचे नाव' यापुढे स्वतःचं नाव लिहिलं. "मावशी, साक्षीदार म्हणून तुमचा जबाब लागते."

वच्छलाबाईंनी हात धुऊन पदराला पुसले. "लिही. पोरगी नवी हाये. न विचारता कातर चालवते. पण अर्धा तास उन्हात बसली, पाय सोडला नाई." त्यांनी बकरीच्या पाठीवरून हात फिरवला. "आन् परवा फडकं बदलाचं हाये, मले एकटीले जमत नाई. येजो म्हणा तिले."